शब्दाला सहा सेकंद

दिनकरराव मोहित्यांना अर्धा प्रश्न पुरत असे. कऱ्हाडच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. माणूस खिडकीशी येऊन "चिपळूणला जायला…" एवढं म्हणतो न म्हणतो तोच आतून उत्तर यायचं, "पाच नंबर, पावणेदहा, पाटणला धा मिनिटं थांबती." प्रश्न पुरा करू देणं म्हणजे मागच्या रांगेवर अन्याय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पुढे स्टँडवर पडदे लागले, विजेवरच्या गाड्या आपली वेळ आपणच सांगायला लागल्या, खिडकी बंद झाली आणि दिनकरराव घरी बसले. आता त्यांना काही विचारणारं एकच माणूस उरलं होतं. ती त्यांची बायको चारुशीला, आणि तिला एक शब्द बोलायला सहा सेकंद लागत होते.

"मला…" सकाळी सकाळी ती म्हणाली.

"चहा? टाकलाय."

तिने मान हलवली. "मला… तुम्हाला…"

"गोळी! अगं, मगाशीच दिली की. इसरलीस व्हय? तू निवांत बस. मी हाय न्हवं!"

आणि ते गॅस बारीक करायला आत गेले. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर १५० हा आकडा होता. तो क्षणभर ४०० वर चढला, मग मुकाट्याने १५० वर येऊन बसला. चारुशीलाने तो चढताना पाहिला आणि उतरतानाही पाहिला.

दिनकरराव वाईट नव्हते, हीच खरी अडचण होती. चौदा महिन्यांपूर्वी तिला झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं आणि लिहिणं-वाचणंही गेलं, आकडे तेवढे कळत राहिले. कागदावर डाव्या हाताने पेन टेकवलं तरी अक्षर म्हणून काही उमटेना, नुसत्या मुंग्या. तेव्हापासून हा माणूस तिची वेणी घालत होता, डाळिंब सोलून देत होता, रात्री तीनदा उठून पांघरूण बघत होता. गल्लीत कोणालाही विचारा, नवरा असावा तर असा. चारुशीलानेही तेच सांगितलं असतं. पण तिचं कोणतंच वाक्य दुसऱ्या शब्दापलीकडे जात नव्हतं.

तिच्या डाव्या कानाच्या वर, कवटीत, सुपारीएवढं यंत्र बसवलेलं होतं. त्याचं नाव वाणीसेतू. झटक्याने मेंदूतला बोलण्याचा भाग मेला, तरी काय बोलायचं आहे हे ठरवणारा भाग शाबूत राहतो. वाणीसेतू तिथली खळबळ टिपतो, तिच्यातून नेमका शब्द हुडकतो आणि तो जीभ-ओठांच्या नसांकडे पाठवतो. हुडकायला वेळ लागतो. पट्टीवरचा आकडा म्हणजे यंत्राच्या आतला ठोका; तो जितका जलद, तितका शब्द लवकर. मग ठोका कायम जलद का ठेवू नये? कारण वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि वेग दुप्पट केला की उष्णता दुपटीहून कितीतरी जास्त होते. मेंदूला एका अंशाची वाढसुद्धा सोसत नाही. म्हणून यंत्राच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्याच्यात, एक कारभारी बसवलेला असतो. काम असेल तेव्हा तो ठोका चढवतो, काम नसेल तेव्हा उतरवतो. किमान किती आणि कमाल किती, हे दोन आकडे त्याला बांधून दिलेले असतात. या कारभाऱ्याला गव्हर्नर म्हणतात.

"कर्नल काय, गव्हर्नर काय," शस्त्रक्रियेनंतर दिनकरराव सगळ्यांना कौतुकाने सांगत, "समदे बडे साहेब आमच्या हिच्या डोक्यात ऱ्हायला आल्यात."

त्यांना ठाऊक होतं, पण नीट उमजलं नव्हतं, की त्या गव्हर्नरला तिथे नेमणारी बाई चारुशीलाच होती. पुण्याच्या कंपनीसाठी ती बारा वर्षं घरच्या मागच्या खोलीत बसून कर्नलचं काम करत होती. वाणीसेतूचा गव्हर्नर तिचा. एक नियम तर तिने मोठ्या अभिमानाने घातला होता. दर तीस दिवसांनी गव्हर्नरने मागचा हिशोब बघायचा. माणूस जेवढं बोलला तेवढीच कमाल मर्यादा ठेवायची. कमी बोलणाऱ्याच्या डोक्यात उगाच ऊब कशाला? पण मोजायचं काय? झोपेतलं बरळणं, एकट्याचं पुटपुटणं यांनी हिशोब फुगत होता. म्हणून तिने ठरवलं की समोर दुसरा आवाज असेल आणि वाक्य पुरं झालं असेल, तरच ते मोजायचं. वाक्य अर्ध्यात सुटलं तर त्याची गरज नव्हती, असं धरायचं.

चाचणीच्या खोलीत हे झकास चाललं होतं. तिथे रुग्णासमोर पगारी माणसं बसायची आणि रुग्णाचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी त्यांना ताकीद असायची. अख्ख्या महाराष्ट्रात असं एक तरी घर आहे का, जिथे बोलणाऱ्याचं वाक्य कोणी तोडत नाही? हा प्रश्न त्या वेळी तिच्या डोक्यात आला नाही. ती स्वतःही कुठे कोणाचं पुरं ऐकून घेत होती?

आता हिशोब उलटा फिरला होता. ती हळू बोलायची, म्हणून लोक तिचं वाक्य पुरं करायचे. वाक्य तुटलं की गव्हर्नर समजायचा, गरज नव्हती. महिन्याअखेर मर्यादा खाली यायची, मग ती आणखी हळू बोलायची आणि लोक आणखी घाई करायचे. नऊशेवर सुरुवात झाली होती, तेव्हा शब्दाला दोन सेकंद लागत. आज चारशे. वेग बदलणारी ओळ कुठल्या फाइलीत आहे, हे तिला तोंडपाठ होतं. पण रुग्णाने स्वतःच्या डोक्यातला ठोका स्वतः वाढवू नये म्हणून त्या फाइलीला कुलूप होतं, आणि ते कुलूपही शहाणपणानेच घातलेलं होतं. देशभर साडेअकरा हजार माणसांच्या डोक्यात हाच गव्हर्नर बसला होता. त्यांचं काय होतंय, ते का गप्प होत चाललेत, हे जगात एकट्या चारुशीलाला कळलं होतं. आणि तिला ते सांगता येत नव्हतं.

सोमवारी दोघं वाणीसेतूच्या केंद्रात तपासणीला गेले. केंद्रातली तन्वी नावाची मुलगी चुणचुणीत होती. तिने पट्टी वाचली आणि हसली.

"काकू, मस्त चाललंय. ताप नाही, बॅटरी भरपूर. बोलण्याची मागणीच कमी आहे तुमची. येत्या रविवारी मर्यादा आपोआप तीनशे होईल."

तीनशेला काय होतं, ते चारुशीलाला पक्कं माहीत होतं. तो तक्ता तिनेच केला होता. तीनशेला दोन शब्दांच्या वर काही जुळत नाही. मग कोणी तासभर वाट बघितली तरी उपयोग नव्हता.

"नको…" ती म्हणाली. तन्वी थांबली. चारुशीलाने पुढचा शब्द धरला. "नियम…"

"नेमानं करतीय ती समदं," दिनकरराव म्हणाले. "व्यायाम, गोळ्या, येक दिस चुकत न्हाई. मी हाय ना."

"काका आहेत म्हणून काळजीच नाही," तन्वी म्हणाली आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. मंगळवारी दिनकरराव बाजारात गेल्यावर तिने डाव्या हाताने इक्बाल तांबोळीला फोन लावला. इक्बाल तिचा पुण्यातला जुना सहकारी, हा नियम त्याच्याच हातात होता. त्याने "हॅलो, चारुताई?" म्हटलं आणि तिने "इक्बाल" म्हणायला सुरुवात केली. हल्लीचे फोन शांतता सहन करत नाहीत. पाच सेकंद आवाज आला नाही की लाइन गेली असं समजून ते आपणच ठेवून देतात. तिने चार वेळा लावला. चौथ्यांदा इक्बालचा संदेश आला. तो तिला वाचता आला नाही, पण शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र होतं. बिचाऱ्याला वाटलं असेल, चुकून लागतोय.

बुधवारी बंगळूरहून मुलीचा, ऋतुजाचा, व्हिडिओ कॉल आला. "आई, तू बोलू नकोस, दमशील," असं म्हणून तिने वीस मिनिटं स्वतःच गप्पा मारल्या. जाताना म्हणाली, "किती बरं वाटलं तुझ्याशी बोलून!"

गुरुवारी ती काठी टेकत एकटीच नदीकाठच्या बागेत गेली. बाकावर एक अनोळखी बाई होती. चारुशीलाने तिच्याकडे बघून "तुम्ही" म्हटलं आणि पुढचा शब्द येईस्तोवर त्या बाईने पर्स पोटाशी धरली, "माफ करा हां" म्हणाली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. समोर कृष्णा संथ वाहत होती. चारुशीला तिथे तासभर बसली आणि रडली. चौदा महिन्यांत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. दवाखान्यात, भुलीच्या गुंगीतसुद्धा नाही. घरात माणूस होता, फोनमध्ये मुलगी होती, गल्लीभर विचारपूस होती आणि तिच्यापर्यंत कोणी पोचत नव्हतं.

त्यात आणखी एक गंमत होती. पाढे, आरत्या, लहानपणीच्या कविता ती घडाघडा म्हणू शकत होती. पाठ असलेलं मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं, त्याला यंत्र लागत नाही. त्यामुळे भेटायला आलेली माणसं तिच्याकडून आरती म्हणवून घेत आणि "छान बोलते की!" म्हणत समाधानाने घरी जात.

शनिवारी दुपारी शेजारच्या शिंद्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. दिनकररावांनी तिला धरून नेलं, खुर्चीत बसवलं आणि बायकांच्या घोळक्यात आपलं काय काम म्हणून दाराशी चपलांजवळ उभे राहिले. ओटी भरून झाली, सुनेने पेढा की बर्फी ते ओळखलं, हशा झाला आणि मग रिवाजाप्रमाणे उखाण्यांची टूम निघाली. एकेक करत पाळी चारुशीलाकडे आली.

"चारुवहिनी, नाव घ्या! तुम्हाला तो संगमाचा येतोय की!"

येत होता. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्नात घेतला होता. 'कऱ्हाडच्या संगमावर कृष्णा भेटते कोयनेला, दिनकररावांचं नाव घेते सगळ्यांच्या आग्रहाच्या वेळेला.' पाठच होता. तोंड उघडलं असतं तर एका दमात बाहेर पडला असता, टाळ्याही पडल्या असत्या.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या. वीस जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि कोणी काही सुचवत नव्हतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दुसरीचा उखाणा कोणी पुरा करत नसतं. नवऱ्याचं नाव जिचं तिनेच घ्यायचं असतं. अडली तर तिची थट्टा करतात, पण वाट बघतात.

"स्टँडवरच्या…" ती म्हणाली.

नवा आहे, नवा आहे, अशी कुजबुज झाली आणि थांबली. सहा सेकंद गेले.

"…गाड्यांना…"

मनगटावरचा आकडा ४०० ला जाऊन थडकला आणि तिथेच राहिला. कानावरची कातडी कोमट झाली.

"…असते…"

"वेळ!" दारातून दिनकरराव म्हणाले. "गाड्यांना असते वेळ…"

"अहो भावजी, गप बसा की!" शिंद्यांच्या सासूबाई खेकसल्या. "तिचा उखाणा हाय. तुमचं नाव तुम्हीच घेताय व्हय?"

बायका खो खो हसल्या. दिनकरराव ओशाळले. चारुशीलाचा धरलेला शब्द हसण्यात निसटला. पण हसू ओसरलं आणि सगळ्या पुन्हा गप्प झाल्या. तिने तो शब्द पुन्हा शोधला.

"…सुटायची… घाई…"

आता कोणी हलत नव्हतं. सून ओटीतला नारळ घट्ट धरून बसली होती. दारातले दिनकरराव ओठ दाबून उभे होते.

"…दिनकरराव… जरा… थांबा… माझं…"

एवढं बोलायला जवळजवळ अर्धं मिनिट गेलं. एक मुलगी खोकली तर तिला तिघींनी दटावलं.

"…वाक्य… संपलेलं… नाही."

टाळ्या पडल्या. "वा वहिनी, भारीच!" म्हणत बायका हसल्या, कोणीतरी तिच्या हातात पेढा ठेवला आणि पाळी पुढच्या बाईकडे गेली. दिनकरराव हसले नाहीत. ते चपलांच्या ढिगात तसेच उभे होते, आणि ते कधी नव्हे इतके म्हातारे दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी चहाही विचारला नाही. तिच्यासमोर खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "बोल."

तिला आधी विश्वासच बसेना. मग तिने सुरुवात केली. पहिल्या काही वाक्यांत त्यांचं तोंड तीनदा उघडलं. चौथ्यांदा त्यांनी पंजाच तोंडावर धरला. थोड्या वेळाने ते उठले, जुनी डायरी आणि पेन घेऊन आले, आणि ती सांगेल तो शब्द तसाच्या तसा लिहायला लागले. त्यांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं. "तुटलेलं वाक्यही मोजा." "कमाल मर्यादा घटवू नका." "साडेअकरा हजार." ऊन भिंतीवरून सरकत गेलं, दूधवाला येऊन गेला, दारावर कोणीतरी हाक मारून परत गेलं. त्यांनी मान वळवली नाही. अंधारून येताना एक पान भरलं.

ते पान त्यांनी फोनवर इक्बालला वाचून दाखवलं. इक्बालचा आवाज चिरका झाला. "ताई… आम्ही दर महिन्याला अहवाल काढतो. वापर घटला, रुग्ण समाधानी, असंच लिहितो. माझ्या सहीने." त्याने त्याच रात्री कामाला हात घातला. पण डोक्यातल्या यंत्राचा नियम एका रात्रीत बदलत नाही. चाचण्या, समित्या, परवानग्या मिळून निदान सात महिने लागणार होते. तोवर एकट्या चारुशीलासाठी कुलूप उघडता येणार नव्हतं.

एका दुपारच्या बोलण्याने महिन्याचा हिशोब भरून निघाला नाही. रविवारी सकाळी पट्टीवरचा आकडा ३०० च्या वर चढेना.

नाश्ता झाल्यावर दिनकरराव डायरी घेऊन समोर बसले. सात महिने ते असेच बसणार होते, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. "कामाचं झालं," ते म्हणाले. "आता तुजं सांग."

ती बोलायला लागली. पहिला शब्द यायला नऊ सेकंद लागले, दुसऱ्याला त्याहून जास्त.

"एकटी… होते."

'मी हुतो की घरात' हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं. डोळे भरून आले, पेन डायरीवर तसंच राहिलं. तिच्या तोंडाकडे बघत ते पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले.